खुळखुळ्याचं बी

माझा जल्म कुठं झाला म्हनाल तर ते मलाबी नीट ठावं न्हाई ताई, सोलापूरच्या अलीकडं कुठंतरी सडकेचं काम चालू व्हतं, तिथं पालात झाले म्हनं, आई सांगायची, कळ आली तवा डोक्यावर खडीची पाटी व्हती, पाटी खाली ठेवली आन तू आलीस. आमी वडार लोक, दगड फोडनारे. बाप घन मारायचा, आई खडी फोडायची, आन पालाच्या मागं चार डुकरं असायची. गाढवं आन डुकरं, हीच आमची इस्टेट. सडक सरली की पाल मोडायचं आन फुडं जायाचं, शाळा कसली आन गाव कसलं. नाव दुर्गव्वा ठेवलं, लोक दुर्गी म्हनतात.

लगीन झालं तवा मी लहानच व्हते, अंगावर लुगडं ठरत नव्हतं. नवऱ्याचे लोक मुंबईला व्हते, मुलुंडच्या डोंगराकडं खानी व्हत्या तिथं. मला वाटलं मुंबई म्हनजे काय असंल आन काय नसंल, आन येऊन बघते तर तोच दगड, तोच घन, तीच पाटी. फक्त इथं पाल नव्हतं, पत्र्याची खोली व्हती, आन सुरुंग उडवायच्या आदी येक मानूस लाल फडकं दावत वरडत जायाचा, की आमी पोरं घेऊन आत पळायचो. आमचं मालक, हनमंता त्येंचं नाव, त्येंच्या हाताला लई गुन व्हता, दगडाकडं बघून सांगायचे कुठं फुटनार. पन दगडाची धूळ छातीत बसली त्येंच्या. तिशीतच खोकायला लागले. आठवड्यात दोन-तीन खाडे, मंग चार. रेनुका पोटात व्हती तवापासनं घर चाललं ते माझ्या पाटीवर आन सासूच्या डुकरांवर.

डुकरांचं तुमाला सांगते. लोक नाकाला पदर लावतात, पन डुकरासारखं हुशार जनावर न्हाई ताई. कुत्रं बरं, पन कुत्र्याला मानसाची गरज हाय, डुकराला न्हाई, तरीबी ते जीव लावतं. आमची काळी म्हनून येक मादी व्हती, सासूनं पाळलेली, तिच्याच पोटची समदी पिल्लावळ. मी खानीतनं आले की माझी चाल वळखून ती दाराशी येऊन उभी ऱ्हायाची. सासू गेली तवा तिनं माझा हात धरून दोनच गोष्टी सांगितल्या, हनमंताला संबाळ आन काळीला उपाशी ठेवू नको. लहान-मोठी धरून चौदा डुकरं व्हती आमची. खोलीच्या मागं दगड रचून, वर पत्रा टाकून वाडा केला व्हता. आग्रा रोडवरच्या हाटेलातनं डबा भरून खरकटं आनायचं, ते खायाची. नाताळाच्या आदी गिऱ्हाईक यायचं, चांगलं तुकतुकीत जनावर बघून न्यायचं.

आता सुलोचनाचं सांगते. तिचंच सांगायला बसले मी, हे बाकीचं नुसतं उगं आलं.

गिरन्यांचा संप झाला, तवाची गोष्ट. लालबाग-परळाकडची कितीक मानसं देशोधडीला लागली. सुलोचनाचा नवरा गिरनीत साच्यावर व्हता, कापड विनायचा, संपात नोकरी गेली, चाळीतली खोली गेली, आन हे कुटुंब आमच्या वस्तीत येऊन पडलं, आमच्या खोलीला लागून दुसरी खोली. मालवनकडची मानसं. बाई गोरीपान, नाकात चमकी, लुगडं धुतलेलं. नवरा गप. येक पोरगी, माझ्या रेनुकापेक्षा पाच-सहा वर्सांनी मोठी, सुमन नाव. आल्या आल्या तिनं दारात डालड्याच्या डब्यात तुळस लावली, आन आठ दिवसांत आमच्या काळीनं ती उकरली. मंग काय इचारता, कमरेला पदर खोचून आली माझ्या दारात. तुज्या डुकरान माझी तुळस उकरल्यान, म्हनाली. मी म्हनलं, डुकराला काय कळतंय तुळस न तन. दोघींनी येकमेकींची सात पिढ्यांची वाट लावली. महिनाभर बोलनं न्हाई.

मंग रेनुकाला ताप आला. असला ताप की पोरगी बडबडायला लागली, आन मालकाला खोकल्याची उबळ, मी येकटी कुनाकुनाला बघू. तवा हीच सुलोचना आली, इचारलं न्हाई, बोलली न्हाई, पोरीच्या उशाशी बसली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तांदळाची पेज आनली आन चमच्या-चमच्यानं घातली. दोन दिस बसली. तिसऱ्या दिशी पोरीनं डोळे उघडले. मी पाया पडायला गेले तर म्हनाली, गप गो दुर्गे, नाटकां करू नको. तवापासनं आमी बहिनींसारख्या. तिनं डुकरं आपली मानली न्हाईत, पन नाकाला पदर लावायची सोडली.

ती कामाला जायाची धान्याच्या गुदामात. तिकडं बाया सूप घेऊन रांगंत बसायच्या, पोत्यातनं आलेली बाजरी, ज्वारी, गहू पाखडायचं, निवडायचं, खडा बाजूला, माती बाजूला, दुसरं बी बाजूला. चांगलं निवडलेलं दुकानात जायाचं आन खाली राह्यलेली झाडन मुकादम फेकून द्यायचा. येक दिस ती म्हनाली, दुर्गे, तुज्या डुकरांका व्हयी काय ती झाडन, फुकट जाता. मला तर सोन्याची खान सापडली. खरकट्याचा डबा डोक्यावर घेऊन आग्रा रोडवरनं यायचं म्हनजे लोकांची बोलनी खायाची, आन हितं दानाच दाना. मुकादमाशी तीच बोलली, माझ्यासाठी. मी जायाची आन पोतं आनायची, बाजरीचा चुरा, फुटका गहू, कसलं कसलं बी, पानी घालून कालवायचं की डुकरं अशी तुटून पडायची की बघून जीव गार व्हायचा.

त्या झाडनीत येक बी लई असायचं. बारीक, चकचकीत, तांबूस-काळं, वाकडं, डुकराच्या गुरद्यासारखं म्हना. आदी थोडं असायचं, मंग कुठल्या तरी गावाकडनं बाजरीचा माल आला त्याच्यात लईच निघायला लागलं. येक दिस मी वाड्यात कालवत बसले व्हते आन सुलोचना दाराशी उभी व्हती. तिनं खाली वाकून मूठभर उचललं, बघितलं, आन म्हनाली, ह्यो बियो निवडून टाक गो. मानसांच्या धान्यातसून येक येक काढूक लावतत आमका, मुकादम डोळ्यात तेल घालून बघता, म्हनजे काय तरी असतलाच ना.

मी हसले. ताई, मी हसले. म्हनलं, अगं डुकराला समदं पचतंय, खिळा खाल्ला तरी पचंल. आन येवढं निवडायला येळ कुनाला हाय, मी खानीत जाऊ का बी निवडत बसू. ती म्हनाली, बग बाय, तुजी डुकरां. आन गेली.

येवढंच झालं. दोघीच व्हतो तिथं. तिसरं कोन नव्हतं.

गनपतीच्या सुमाराला गुदामातला तो माल सरला, झाडन बंद झाली, मी परत हाटेलच्या डब्याकडं वळले. डुकरं चांगली व्हती तवा. म्हनजे मला चांगली वाटत व्हती. मंग दसऱ्याच्या मागं-फुडं बारकी पिल्लं खायाची बंद झाली. केस उभे ऱ्हायले, पाठ वाकली, पाय काड्यांसारखे आन पोट मात्र फुगलेलं, हात लावला की आत पानी हाललेलं कळायचं. डोळ्याचा पांढरा भाग पिवळा. कोपऱ्यात जाऊन भिंतीला डोकं लावून नुसती उभी ऱ्हायाची, ढकलत ऱ्हायाची भिंतीला, जसं काय भिंतीच्या पलीकडं जायाचंय. आदी दोन मेली. मंग आठ-दहा दिस काय न्हाई, मला वाटलं सुटलो. मंग परत येक. मंग येक मोठा नर. मेलेलं जनावर मी विकलं न्हाई, मागनारे आले व्हते, पन दिलं न्हाई. मालक खोकत खोकत पहार घेऊन यायचे आन आमी जुन्या खानीच्या खड्ड्यात पुरायचो.

दिवाळीत काळी गेली. तिनं शेवटचे दोन दिस पानीबी घेतलं न्हाई. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले व्हते, वस्तीतल्या बाया हसत असतील म्हनून मी बघितलंबी न्हाई. सासूनं सांगितलं व्हतं उपाशी ठेवू नको, आन ती माझ्यासमोर उपाशी मेली.

मंग लोक बोलायला लागले. येवढी धडधाकट जनावरं, साथीचा रोग म्हनावा तर शेजारच्या वाड्यातली ठीक, आपलीच कशी मरतात. कोन म्हनलं करनी हाय. कोन म्हनलं कुनीतरी इख घालतंय. खान्याचं म्हनावं तर खरकटं तेच, हाटेल तेच. झाडनीचा इचार माझ्या डोक्यात आला न्हाई असं न्हाई, आल्ता, पन झाडन बंद होऊन दोन महिने झालेले, आन तीच झाडन म्होरच्या गल्लीतल्या बाईच्या शेरडांनीबी खाल्ली व्हती, ती शेरडं टुनटुनीत. मंग झाडनीचं कसं असंल. मंग हातानंच कुनीतरी घालतंय.

माझी जाऊ आमच्याच वस्तीत ऱ्हायाची, ती म्हनाली, मी बघितलं, ती मालवनीन तुझ्या वाड्यात काहीतरी टाकत व्हती. टाकत व्हतीच ती. तिच्या घरची उरलेली पेज, भाजीची देठं, आजारी डुकरांनी काहीतरी तोंडात घ्यावं म्हनून टाकत व्हती. मला ठावं व्हतं ते. पन त्या टायमाला माझ्या डोक्यात काय शिरलं ते मला आजबी सांगता येत न्हाई. तुळशीचं भांडन आठवलं. तिची गोरी कातडी आठवली, तिचं नाकाला पदर लावनं आठवलं. पेज आठवली न्हाई.

सकाळी नळावर समद्या बाया व्हत्या, हंडे लावलेले. ती कळशी घेऊन आली आन मी तिचा हात धरला. म्हनलं, माझी डुकरं खाल्लीस तू. इख घातलंस. तिला आदी कळलंच न्हाई, ती हसली, तिला वाटलं मी मस्करी करतेय. मंग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. म्हनाली, दुर्गे, काय बोलतंस तू? मी म्हनलं, तूच ती झाडन दिलीस, तूच वाड्यात टाकत व्हतीस, तुलाच आमची घान वाटत व्हती. तवा ती हळूच म्हनाली, मिया तुका सांगितलंय, ती बियो निवड म्हनून. सांगितलंय काय नाय?

समद्या माझ्याकडं बघायला लागल्या.

आन मी म्हनलं, न्हाई. काय सांगितलंस? कायबी सांगितलं न्हाई मला.

ताई, मी जल्मात लई भांडले, शिव्या दिल्या, येकदा खानीतल्या मुकादमाला दगड मारला. पन हा येक शब्द, न्हाई, हा मी रोज आयकते माझ्याच तोंडचा.

तिनं माझ्याकडं बघितलं. कळशी रिकामीच उचलली आन गेली. आन मी तेवढ्यावर थांबले असते तरी बरं, पन मी तिथनं तशीच गुदामाच्या दारात गेले आन आरडावरडा केला, तुमच्या बाईनं माझ्या जनावरांना मारलं, तुमच्या झाडनीत इख घालून दिलं. मुकादमाला लफडं नको व्हतं, झाडन आपन बाहेर दिली हे गुदामाच्या मालकाच्या कानावर जायाला नको व्हतं. त्यानं दुसऱ्या दिशी सुलोचनाला सांगितलं, येऊ नको. नवऱ्याला काम नव्हतंच. वस्तीत तिच्याशी कोन बोलंना, तिची कळशी नळाखाली लागली की बाया आपला हंडा सरकवायच्या, पोरं सुमनला इखवाली म्हनायची. महिन्याभरात त्येंनी खोली सोडली. येक ट्रंक, येक वळकटी, आन तो तुळशीचा डबा पोरीच्या हातात. मी दार लावून आत उभी व्हते. फटीतनं बघितलं. तिनं माझ्या दाराकडं बघितलं न्हाई.

बाकीचीबी येकामागं येक मेली, माझी दोनच डुकरं राह्यली व्हती, त्यातलं येक खंगलेलं. इख घालनारी गेली, तरी ते खंगतच चाललं. आता मला भ्या वाटायला लागलं. तबेल्यात म्हशी बघायला सरकारी ढोरांचा डाक्टर यायचा, त्याला मी रस्त्यात गाठलं, पाय धरले. त्यो म्हनला, बाई, असं बघून कळणार नाही, दवाखान्यात घेऊन या. मी हातगाडीवर घालून नेलं. तिथं पोचलं आन ते तिथंच गेलं. डाक्टर म्हनला, हरकत नसेल तर उघडून बघू, तरच समजेल. मी म्हनलं बघा.

उघडनारा मानूस दवाखान्यातला शिपाई व्हता, गौतम नाव त्येचं, जालन्याकडचा. मला आक्का म्हनला. म्हनला, आक्का, तुमी बाहेर बसा. मी म्हनलं न्हाई, माझं जनावर हाय, मी बघनार. पोट उघडलं तसं पिवळं पानी भळाभळा निघालं. मंग त्येनं काळीज, कलेजी म्हनतात ते, काढून पाटावर ठेवलं. ताई, मी डुकराचं काळीज जल्मभर बघितलंय, रांधलंय, कसं असतं मला ठावं हाय, मऊ, गुळगुळीत, गडद लाल, बोटानं दाबलं तर बोट आत जातंय. आन हे बघितलं तर आकसलेलं, पिवळट, वर गाठीच गाठी, जसं काय मुठीत धरून कुनी वाळवलंय. गौतमनं सुरी घातली तर कराकरा वाजली. मला खडी आठवली.

डाक्टरनं इचारलं, खायला काय घालता? मी म्हनलं, हाटेलचं खरकटं. आणि त्याआधी? मी पदर सारखा केला. त्यो म्हनला, बाई, हे आठ दिवसांचं काम नाही, हे यकृत काही महिने सडत आलंय, आधी काय घालत होता ते आठवा. मंग मी झाडनीचं सांगितलं. उरली आहे का थोडी? पोत्याच्या तळाला व्हती. दुसऱ्या दिशी नेली. गौतमनं ती पेपरावर पसरली, बोटानं बाजू केली, आन ते चकचकीत बी तळहातावर घेतलं, आन लगीच म्हनला, आक्का, हा तर खुळखुळा हाय की. आमच्याकडं बांधावर लई उगवतो. शेंगा वाळल्या की आत बी वाजतं, लहानपनी आमी पायात बांधून नाचायचो.

मीबी नाचले व्हते ताई. सडकेच्या कडंला, पालाफुडं, त्या शेंगा पायात बांधून. शेंग मला ठावं व्हती, फूल ठावं व्हतं, पिवळं असतं. पन नुसतं बी पोत्यात बघून मला वळखलं न्हाई.

मंग डाक्टरनं मला समजावून सांगितलं. चांगला मानूस, टाईम देऊन सांगितलं. म्हनला, या झाडाच्या बीमध्ये विष असतं, ते सरळ यकृतावर जातं. शेळ्या-मेंढ्या त्यातून बऱ्याच वेळा वाचतात, डुकराला मुळीच सोसत नाही. आणि हे विष लगेच दिसत नाही. खाणं थांबवलं तरी आत काम चालूच राहतं, महिने जातात आणि मग जनावर खंगायला लागतं, तोवर उपाय राहत नाही. मी इचारलं, मंग कुनी घातलं न्हाई? त्यो म्हनला, कुणी म्हणजे? मी म्हनलं, कुना मानसानं, दावा धरून. त्यो म्हनला, नाही हो. तुम्हीच घातलंत, पण तुम्हाला माहीत नव्हतं, त्यात तुमचा काय दोष.

तुमाला माहीत नव्हतं. असं म्हनला त्यो. मी खाली बघितलं. त्येला म्हनता आलं न्हाई मला, की साहेब, मला सांगितलं व्हतं.

उठताना मी इचारलं, मानसानं खाल्लं तर? तर म्हनला, माणसालाही हेच होतं, म्हणून तर धान्य निवडायचं. मंग मला कळलं त्या बाया रांगंत बसून काय करत व्हत्या. सुलोचना सूप घेऊन दिसभर पाठ मोडून ते बी काढायची म्हनून इथल्या लोकांच्या ताटात ते जात नव्हतं, आन तिनं काढलेलं तेच्या तेच मी माझ्या जनावरांना घालत व्हते, गोळा करून, पानी घालून, मायेनं. मी गुदामात गेले, मुकादमाला सांगितलं, ही झाडन कुनाला देऊ नका, जाळा. आदी हाकलून दिलं मला, मंग डाक्टरनं लिवून दिलेला कागद दावला तवा आयकून घेतलं. सुलोचनाला परत घ्या म्हनलं. तर म्हनला, कुठं हाय ती, आन.

कुठं हाय, ते मलाबी ठावं नव्हतं. कनकवलीच्या फुडं कुठंतरी, येवढंच. वस्तीतल्या येका मालवनी मानसाकडनं गावाचं नाव काढलं. पत्र लिवून घेतलं, जवाब न्हाई. दुसरं लिवलं, न्हाई. वरीस निघून गेलं. मालक येका रात्री खोकता खोकता म्हनले, दुर्गे, कागदानं व्हायचं न्हाई, तू जाऊन ये. रेनुकाला त्येंच्याजवळ ठेवलं आन यष्टीत बसले. जल्मात पैल्यांदा येकटी.

घर सापडलं. मातीचं, लहान, अंगनात ती भात पाखडत व्हती. केस पांढरे झालेले, कपाळ मोकळं. मी अंगनाच्या कडंला उभी राह्यले. तिनं वर बघितलं. मंग म्हनाली, तू इलंस? बस.

मी समदं सांगितलं. दवाखाना, काळीज, खुळखुळा, समदं. ती पाखडत व्हती, थांबली न्हाई. माझं सरल्यावर म्हनाली, हे गेले, शिमग्याच्या आदी. मी म्हनलं, मला ठावं नव्हतं. ती म्हनाली, गिरनी गेली तेचा दुख्ख तेंनी कसाबसा गिळल्यानी. पन हय इल्यावर माका येकदा इचारल्यानी, तू खराच काय घालूक नाय मां? येकदाच इचारल्यानी. मी नाय म्हटलंय, तेंनी बरा म्हटल्यानी. पन इचारल्यानी.

मी तिच्या पायावर पडले. तिनं पाय मागं घेतले. आत गेली, पान वाढलं, भात, कुळथाची पिठी, सुका बांगडा. म्हनाली, जेव आनि जा. माफ केलंय असा काय मी म्हनाचंय नाय. मी म्हनलं, मंग मी काय करू, तूच सांग. ती म्हनाली, खय बोललंस ता? मी म्हनलं, नळावर. म्हनाली, तर नळारच जावन सांग. हय माझ्या कानात सांगान काय उपेग? माका म्हायत आसा खरा काय ता.

मी जेवले ताई. तिनं वाढलं व्हतं म्हनून जेवले. जाताना सुमन पानंदीतनं सडकेपर्यंत आली, यष्टी दिसली तशी हात करून थांबवली आन परत गेली.

मुंबईला आले त्याच्या दुसऱ्या सकाळी नळावर गेले. समद्या व्हत्या, जाऊबी व्हती. मी हंडा खाली ठेवला आन म्हनलं, आयका गं. सुलोचनानं मला सांगितलं व्हतं. ते बी निवडून टाक असं तिनं माझ्या वाड्यात उभं ऱ्हाऊन सांगितलं व्हतं, आन मी हसले व्हते, आन इथं तुमच्याफुडं मी खोटं बोलले. डुकरं माझ्या हातानं मेली. तिनं इख घातलं न्हाई. नळ वाहत व्हता, कुनी बंद केला न्हाई. येक म्हातारी म्हनाली, आता काय त्याचं, झालं ते झालं. जाऊ म्हनाली, लोकांत आपलीच आब्रू कशाला घालवतेस. दोघी-तिघी हंडे उचलून निघाल्या. येक जन, तीबी गिरनीत काम केलेल्याचीच बायको, ती रडायला लागली. मी परत म्हनलं, पयल्यापेक्षा मोठ्यानं. मंग माझी पाळी आली, पानी भरलं, घरी आले.

मालक त्याच्या फुडच्या थंडीत गेले. शेवटचं डुकरू वाचलं, त्येच्या वाट्याला ते बी कमी आलं असंल, ते मी विकलं न्हाई, म्हातारं होऊन आपआपलं मेलं, त्याच्यानंतर मी पाळली न्हाईत. खानीबी येक येक करून बंद व्हायला लागल्यात, आता तिकडं इमारती येनार म्हनतात. मी चार घरची धुनीभांडी करते, रेनुका सातवीत हाय, तिला अक्षरं येतात, तीच मला यष्टीची पाटी वाचून दावते. सुलोचनाला मी दर वर्सी येक पत्र धाडते, रेनुका लिवते. जवाब येत न्हाई. येऊ नये असंच मला वाटतं कधी कधी, जवाबात तिनं काय लिवायचं.

औंदा तिकडनं आलेला मानूस सांगत व्हता, सुमनचं लगीन झालं, सावंतवाडीकडं दिली, नवरा मास्तर हाय, घर बरं हाय. मी इथूनच हात जोडले. त्या पोरीला कुनी काय नाव ठेवू नये, तिच्या ताटातला घास तिला गोड लागावा, आन तिच्या शब्दावर तिच्या मानसानं इश्वास ठेवावा, येवढं देवानं करावं. माझं काय, माझं चाललंय.